स्वतःचीच विमा कंपनी: कॅप्टिव्ह इन्शुरन्सची गोष्ट

आजचा विषय विमा आहे. पण घाबरू नका, मी पॉलिसी विकायला आलेलो नाही. विम्याच्या इतिहासातली एक अशी गोष्ट सांगणार आहे, जी ऐकल्यावर पहिल्यांदा कुणालाही गंमत वाटते. वर्षानुवर्षं हप्ते भरून थकलेला एक कारखाना एक दिवस म्हणतो, ‘तुमच्याकडे विमा काढण्यापेक्षा मीच एक विमा कंपनी काढतो आणि तिच्याकडे माझा विमा उतरवतो.’ उजव्या हाताने डाव्या हाताला कर्ज द्यावं, तसला हा प्रकार वाटतो ना? पण असं खरोखर घडलं, आणि आज जगात अशा सुमारे सहा हजार कंपन्या आहेत. त्यांना ‘कॅप्टिव्ह इन्शुरन्स कंपनी’ म्हणतात.

ही गोष्ट ऐकताना एक प्रश्न मनात धरून ठेवा. तिजोरीतला पैसा कोणाचा आहे, आणि नुकसान झालं तर खिसा कोणाचा रिकामा होणार आहे? हा प्रश्न सुटला की पुढचं सगळं सोपं आहे.

पोलादाच्या गावातून

अमेरिकेच्या ओहायो राज्यात यंगस्टाउन नावाचं शहर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे शहर म्हणजे तिकडचं जमशेदपूरच. तिथे ‘यंगस्टाउन शीट अँड ट्यूब’ ही मोठी पोलाद कंपनी होती. याच परिसरात फ्रेडरिक रीस नावाचा एक इंजिनियर काम करत होता. आग आणि मालमत्तेचं संरक्षण हा त्याचा विषय. विमा विकणारा हा माणूस नव्हता, कारखान्यात आग का लागते आणि कशी टाळता येते हे पाहणारा होता.

अशा माणसाला विम्याच्या बाजारातली एक विसंगती दिसल्यावाचून राहत नाही. विमा कंपनी दर ठरवते तो सगळ्यांच्या अनुभवावरून. एखाद्या कारखान्याने आग विझवण्याची उत्तम व्यवस्था केली, कामगारांना शिकवलं, वर्षानुवर्षं मोठा दावा केला नाही, तरी त्याच्या हप्त्यातला बराच भाग शेजारच्या निष्काळजी कारखान्याचं नुकसान भरून काढायला जातो. करायचं एकाने आणि भरायचं दुसऱ्याने.

रीसने १९५०च्या दशकात यावर उपाय म्हणून पोलाद कंपनीची स्वतःची विमा कंपनी उभी करून दिली. नाव मात्र प्रश्नच होता, अशा कंपनीला म्हणायचं काय? पोलाद कंपन्यांच्या मालकीच्या काही खाणी होत्या. त्यातलं खनिज बाजारात विकलं जात नसे, फक्त मालक कंपनीच्या भट्टीत जात असे. अशा खाणींना ‘कॅप्टिव्ह माइन’ म्हणत. रीसने तोच शब्द उचलला. खाण जशी एकाच भट्टीसाठी, तशी ही विमा कंपनी एकाच मालकासाठी. आपल्याकडे कारखान्याचा ‘कॅप्टिव्ह पॉवर प्लांट’ असतो, कोळशाच्या ‘कॅप्टिव्ह’ खाणी असतात, हे आपण बातम्यांत ऐकतोच. शब्द तोच, अर्थही तोच.

हप्त्याच्या पोटात काय असतं?

आता हिशेब पाहू. समजण्यासाठी एक काल्पनिक कारखाना घ्या. तो वर्षाला १० कोटी रुपये हप्ता भरतो. पंधरा-वीस वर्षांची सरासरी काढली तर त्याचे दावे वर्षाला ६ कोटींचे भरतात. उरलेले ४ कोटी दलाली, विमा कंपनीचा कार्यालयीन खर्च आणि तिचा नफा यांत जातात. शिवाय हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरायचा आणि दावा पुढे कधीतरी द्यायचा, त्यामुळे मधल्या काळात त्या पैशावरचं व्याजही विमा कंपनीला मिळतं.

कारखान्याचा मालक विचार करतो: सरासरी नुकसान मला माहीत आहे. मग हे पैसे मी स्वतःच बाजूला का ठेवू नयेत?

ठेवावेत की! त्याला स्वतःचा निधी म्हणतात, आणि त्याचं उदाहरण आपण रोज रस्त्यावर पाहतो. मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १४६मध्ये सरकारी वाहनं आणि राज्यांच्या परिवहन महामंडळांना त्यातून सूट देण्याची सोय आहे. अट एकच: अपघाताची भरपाई देण्यासाठी महामंडळाने स्वतःचा निधी ठेवला पाहिजे. म्हणून एसटीच्या अपघाताच्या दाव्यात कितीदा विमा कंपनी दिसतच नाही. न्यायाधिकरणासमोर महामंडळच उभं असतं आणि पैसेही तेच देतं. हजारो गाड्या रोज धावतात, त्यामुळे वर्षाला साधारण किती अपघात होतील याचा अंदाज बांधता येतो. जोखीम एवढी पसरलेली असली की निधी पुरतो.

मग नुसता निधी न ठेवता पूर्ण कंपनी काढायची कशाला? तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे रिइन्शुरन्स, विमा कंपनीचा विमा. जगात काही बलाढ्य कंपन्या फक्त विमा कंपन्यांचीच जोखीम उचलतात. तो घाऊक बाजार आहे, तिथे दरही घाऊक असतात. कारखानदार म्हणून दार ठोठावलं तर ते सहसा उघडत नाही, विमा कंपनी म्हणून गेलात तर उघडतं. आपल्या काल्पनिक कारखान्याची कॅप्टिव्ह असं ठरवेल की प्रत्येक दुर्घटनेतले पहिले ५ कोटी मी देईन, त्यावरचं नुकसान रिइन्शुरन्स कंपनी देईल. म्हणजे नेहमीची, अंदाज बांधता येणारी नुकसानं घरात राहिली, आणि कंबरडं मोडणारं संकट बाहेर गेलं.

दुसरं कारण कायद्याचं. बऱ्याच देशांत विम्याची पॉलिसी तिथल्या परवानाधारक कंपनीनेच द्यावी लागते. मग एखादी स्थानिक विमा कंपनी स्वतःच्या नावाने पॉलिसी देते, थोडं शुल्क ठेवून घेते आणि जोखीम व हप्ता कॅप्टिव्हकडे सोपवते. याला ‘फ्रंटिंग’ म्हणतात. दुकानाची पाटी एकाची, माल दुसऱ्याचा.

तिसरं कारण कराचं, आणि ते सगळ्यांत वादग्रस्त. विम्याचा हप्ता हा धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतो. उद्याच्या संकटासाठी नुसते बाजूला ठेवलेले पैसे सहसा वजा होत नाहीत. तेच पैसे ‘हप्ता’ म्हणून स्वतःच्या विमा कंपनीत भरले तर? या ‘तर’वर अमेरिकेतल्या न्यायालयांनी पुढे अनेक दशकं डोकं खाजवलं.

बेटांकडे

अमेरिकेत विमा कंपनीचा परवाना राज्य सरकार देतं. जनतेला पॉलिसी विकणाऱ्या कंपन्यांसाठी केलेले नियम, भांडवलाच्या अटी, कागदपत्रं हे सगळं एकाच ग्राहकाच्या छोट्या विमा कंपनीला जड जात होतं. रीसची नजर अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडावर गेली. ब्रिटिश ताब्यातलं बेट, इंग्रजी कायदा, करांचा बोजा जवळपास नाही आणि नियम सुटसुटीत. १९६२ साली त्याने तिथे कॅप्टिव्ह कंपन्यांचा कारभार पाहणारी कंपनी काढली. पाहता पाहता अमेरिकेतले बडे उद्योग रांगेत उभे राहिले. बर्म्युडाने १९७८ साली आपला विमा कायदाच केला.

घरचा धंदा बेटावर जातोय हे पाहून अमेरिकेतली राज्यं जागी झाली. कोलोरॅडोने १९७२मध्ये कॅप्टिव्हसाठी वेगळा कायदा केला. व्हरमाँट या दुधदुभत्यासाठी आणि मेपलच्या पाकासाठी ओळखल्या जाणाऱ्या लहानशा डोंगराळ राज्याने १९८१मध्ये केला, आणि आज ते जगातल्या सर्वांत मोठ्या कॅप्टिव्ह केंद्रांपैकी एक आहे.

पण हे सगळं केवळ पैसे वाचवण्यासाठी झालं असं समजू नका. कधीकधी विमा मिळतच नाही. १९८५च्या सुमारास अमेरिकेत नुकसानभरपाईच्या खटल्यांमुळे विमा कंपन्यांनी मोठ्या जबाबदाऱ्यांचा विमा द्यायला हात आखडता घेतला. तेव्हा ३४ कंपन्यांनी मिळून ‘एस’ नावाची विमा कंपनी काढली. पुढच्या वर्षी ६८ कंपन्यांनी ‘एक्सएल’ काढली. या नुसत्या एका मालकाच्या कॅप्टिव्ह नव्हत्या, ग्राहकांनी एकत्र येऊन काढलेल्या कंपन्या होत्या. आपल्या सहकाराच्या भाषेत सांगायचं तर सभासदांचा कारखाना. पुढे ‘एस’ इतकी वाढली की २०१६मध्ये तिने ‘चब’ ही जुनी, नामांकित विमा कंपनी विकत घेतली आणि तिचंच नाव धारण केलं. नेहमीच्या विम्याला पर्याय म्हणून निघालेली कंपनी स्वतःच नेहमीची विमा कंपनी झाली!

भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हिशेब

माझ्या मते कॅप्टिव्हच्या इतिहासातलं सगळ्यांत चांगलं पान कारखान्यात नाही, रुग्णालयात लिहिलं गेलं.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत डॉक्टरांवरचे निष्काळजीपणाचे खटले वाढले. विमा कंपन्यांनी एकतर दर भरमसाट वाढवले किंवा काढता पाय घेतला. हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या बोस्टनमधल्या रुग्णालयांनी १९७६ साली स्वतःची विमा कंपनी काढली. नाव ‘क्रिको’, नोंदणी केमन बेटांवर.

आता गंमत पाहा. बाहेरच्या कंपनीचा विमा असतो तेव्हा दावा आला की कागद तिकडे पाठवायचे आणि विसरायचं. पण पैसे आपल्याच पेटीतून जायला लागले की माणूस विचारतो, हे झालंच का? रुग्णालयांकडे स्वतःच्या सगळ्या दाव्यांचा साठा एका जागी आला. त्यात दिसलं की शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना होणारे अपघात संख्येने थोडे, पण अत्यंत गंभीर आणि अत्यंत महागडे असतात. मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाही. यातले बरेच अपघात नीट लक्ष ठेवलं असतं तर टळले असते.

यातून १९८५मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देताना पाळायचे किमान नियम ठरवले: भूलतज्ज्ञाने पूर्ण वेळ खोलीत हजर असलंच पाहिजे, रक्तदाब आणि नाडी ठरावीक अंतराने मोजलीच पाहिजे, श्वास आणि रक्ताभिसरणावर सतत लक्ष हवं. पुढच्या वर्षी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही राष्ट्रीय पातळीवर तसे नियम स्वीकारले.

खिशाला चटका बसला म्हणून डोळे उघडले, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. त्या चटक्याने शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसं वाचली, आणि कॅप्टिव्हच्या बाजूने याहून चांगलं प्रमाण मला ठाऊक नाही. जोखीम खरी होती, पैसा स्वतःचा होता, म्हणून सुधारणा झाली.

न्यायालयाचा प्रश्न: याला विमा म्हणायचं का?

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१मध्येच, कॅप्टिव्हचा जन्म होण्याआधी, एका प्रकरणात विम्याची कसोटी सांगितली होती. विम्यात दोन गोष्टी हव्यात: जोखीम एकाकडून दुसऱ्याकडे गेली पाहिजे आणि ती अनेकांत वाटली गेली पाहिजे.

या कसोटीवर कॅप्टिव्हची पंचाईत होते. आईने आपल्याच लेकीकडे विमा काढला, तर जोखीम गेली कुठे? नुकसान झालं तर लेकीचे पैसे जाणार, आणि लेक आईचीच आहे. ‘कार्नेशन’ या दुधाचे पदार्थ बनवणाऱ्या कंपनीच्या बर्म्युडातल्या कॅप्टिव्हबद्दल १९७८मध्ये कर न्यायालयाने हेच म्हटलं आणि तिथे गेलेल्या हप्त्याची वजावट नाकारली. ‘ह्युमाना’ या रुग्णालयांच्या समूहाच्या प्रकरणात १९८९मध्ये अपील न्यायालयाने बारीक फरक केला. मूळ कंपनीने स्वतःसाठी भरलेला हप्ता वजा होणार नाही. पण समूहातल्या वेगवेगळ्या रुग्णालय कंपन्यांनी भरलेला होईल, कारण त्या कॅप्टिव्हच्या बहिणी आहेत, आई नव्हेत. बहिणीचं नुकसान झालं तर दुसऱ्या बहिणीच्या मालमत्तेला थेट धक्का लागत नाही. कुटुंबाचं नातं लावून करप्रश्न सोडवण्याचा हा प्रकार मला तर मोठा मनोरंजक वाटतो.

जिथे फट असते तिथे पाणी शिरतंच. १९८६च्या करकायद्याने छोट्या विमा कंपन्यांना सवलत दिली: वर्षाचा हप्ता १२ लाख डॉलरच्या आत असेल, तर हप्त्याच्या उत्पन्नावर कर नाही, फक्त गुंतवणुकीच्या कमाईवर. हेतू लहान कंपन्यांना जगू द्यावं असा. पण सल्लागारांनी दवाखानेवाल्यांना, दुकानदारांना ‘मायक्रो कॅप्टिव्ह’ विकायला सुरुवात केली. २०१७मध्ये कर न्यायालयापुढे ॲरिझोना राज्यातल्या सराफी दुकानांच्या मालकांचं प्रकरण आलं. त्यांनी स्वतःच्या कॅप्टिव्हमध्ये दहशतवादी हल्ल्यापासूनच्या विम्यासकट भरभक्कम हप्ते भरले होते, आणि कर खात्याची तपासणी सुरू होईपर्यंत दावा मात्र एकही केला नव्हता. न्यायालय म्हणालं, हा विमा नव्हे. इथे जोखीम नावापुरती होती, खरा होता तो फक्त वाचवलेला कर.

आपल्याकडचा धडा

भारतात १९३८च्या विमा कायद्याने कॅप्टिव्ह असा वेगळा वर्ग केला नाही. आपल्याकडे उद्योगपतींच्या मालकीच्या विमा कंपन्या मात्र होत्या. ‘न्यू इंडिया’ ही कंपनी १९१९मध्ये सर दोराबजी टाटांनी मुंबईत स्थापन केली. पण अशा कंपन्यांना कॅप्टिव्ह म्हणता येणार नाही, कारण त्यांचे ग्राहक सर्वसामान्य लोक होते. आणि हाच फरक विसरला गेला तेव्हा काय झालं, ते पाहा.

‘भारत इन्शुरन्स’ ही आयुर्विमा कंपनी रामकृष्ण दालमियांच्या ताब्यात होती. डिसेंबर १९५५मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विमा कंपन्यांतले गैरव्यवहार मांडले. भारत इन्शुरन्समधून दोन कोटींहून अधिक रुपये वळवल्याचं प्रकरण उघड झालं आणि पुढे दालमियांना शिक्षाही झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा आपल्या ताब्यात घेतला. आकाशवाणीवरून ती घोषणा करणारे अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. १ सप्टेंबर १९५६ला एलआयसी सुरू झाली, तोवर चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावरून मंत्रिपद सोडून बाहेर पडले होते. सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण १९७३पासून झालं.

कॅप्टिव्हमध्ये मालक स्वतःचा पैसा स्वतःच्या जोखमीवर लावतो. इथे विधवांच्या, नोकरदारांच्या हप्त्यांचा पैसा मालकाने आपल्या सट्ट्यात घातला. यंत्र दिसायला सारखंच होतं: उद्योगपती, त्याची विमा कंपनी, तिची तिजोरी. तिजोरीतला पैसा कोणाचा, एवढं एकच उत्तर बदललं होतं.

आता गुजरातमधल्या गिफ्ट सिटीत कॅप्टिव्ह कंपन्यांना जागा द्यावी अशी चर्चा चालू आहे. ती वाईट नाही. मोठ्या उद्योगाने आपली नेहमीची जोखीम आपणच उचलावी, यात गैर काय? पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, घरच्या तिजोरीला मर्यादा असते. ‘बीपी’ या तेल कंपनीची जुपिटर नावाची कॅप्टिव्ह आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला, ११ कामगार गेले, महिनोन् महिने समुद्रात तेल वाहत राहिलं. जुपिटरचं संरक्षण होतं सुमारे ७० कोटी डॉलरचं. बीपीचा खर्च पुढे ६,५०० कोटी डॉलरवर गेला. कंपनी अवाढव्य होती म्हणून ती पैसे देऊ शकली. मध्यम आकाराची कंपनी असती तर ती बुडाली असती, आणि भरपाईसाठी किनाऱ्यावरचे मच्छीमार कोणाच्या दाराशी गेले असते?

दोन, सगळे चांगले, सावध ग्राहक आपापली चूल वेगळी मांडू लागले, तर सामाईक विम्यात उरतात ते जास्त जोखमीचे आणि छोटे लोक. त्यांचा हप्ता वाढतो. रीसला खटकलेली विसंगती खरी होती. पण विम्याचं मूळच अनेकांनी थोडं थोडं घालून एकाला सावरण्यात आहे. वेगळं निघण्याची ऐपत असलेल्याने निघावं, पण मागे राहिलेल्यांचं काय, हे नियम करणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

आणि काही संकटांवर कुठलाच विमा चालत नाही. ज्या यंगस्टाउन शीट अँड ट्यूबसाठी ‘कॅप्टिव्ह’ हा शब्द जन्माला आला, त्या कंपनीने १९ सप्टेंबर १९७७ रोजी आपला कॅम्पबेल कारखाना बंद केला. पाच हजारांच्या आसपास लोकांची रोजी गेली. त्या गावात तो दिवस आजही ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. आगीपासून कारखाना सांभाळला, बाजारापासून सांभाळता आला नाही.

तेव्हा उद्या कोणी तुम्हाला सांगितलं की अमुक कंपनीने स्वतःची विमा कंपनी काढली, तर लगेच हुशारी म्हणू नका आणि लगेच लबाडीही म्हणू नका. हार्वर्डची रुग्णालयं आणि ॲरिझोनाचे सराफ, दोघांनीही कायद्याचा एकच साचा वापरला होता. विचारायचं ते इतकंच: जोखीम खरी आहे का, आणि दावा आला त्या दिवशी पैसे देणारा कोण आहे? तुमच्या राज्यात, तुमच्या कारखान्यात, महामंडळात असा निधी असेल तर त्याचा हिशेब जरूर मागून पाहा. भेटू पुढच्या भागात.